दारातले १६९ ठिपके

सोलापूर,
रविवार, सकाळ

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

आई, गुडघा कसा आहे? दादा सांगत होता, आता काठी धरून गॅलरीपर्यंत जातेस. ऐकून जीव भांड्यात पडला.

पत्र मुद्दाम लिहितोय. फोनवर तुम्ही म्हणता, "आमचं बरंय, तुझं सांग," मी म्हणतो, "माझंही बरंय," आणि तिथंच संपतं. बाबा, माझं बरं नव्हतं. दिवाळीपासून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागायचा नाही. ऑफिसातले आकडे डोक्यात घुमायचे, छातीत धडधडायचं. शेवटी हिने ओढत डॉक्टरांकडे नेलं. गोळी सुरू आहे, गुणही येतोय, काळजी करू नका. पण मनाला खरा विसावा मिळाला तो दुसऱ्याच गोष्टींनी. त्या दोन्ही तुमच्याच आहेत, म्हणून तुम्हाला सांगायलाच हव्यात.

आई, तू पुण्याला गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर उंबऱ्यापुढे नुसती ओली फरशी. फार भकास वाटलं. ही सहा वाजताच शाळेला निघून गेलेली. मग मीच तुझा रांगोळीचा डबा काढला आणि खाली बसलो. पहिल्या दिवशी चिमटीतून रांगोळी सुटेचना, सुटली तर ढीग पडायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाताला समजलं, की बोटांनी रांगोळी दाबायची नसते, अंगठा नुसता सरकवायचा असतो. आता तुझी ती 'पंधरा ते आठ' घालतो. मधल्या ओळीत पंधरा, मग दोन्ही अंगांना चौदा, तेरा असं करत आठपर्यंत, प्रत्येक ठिपका वरच्या दोघांच्या मधोमध. एकदा मोजले, १६९ भरले. एवढे ठिपके देताना दुसरं काही डोक्यात येऊच शकत नाही, एक जरी सरकला तरी पुढची सगळी वेल वाकडी होते. उठतो तेव्हा पाय आखडलेले असतात आणि श्वास संथ झालेला असतो. तू चाळीस वर्षं रोज पहाटे हे करत आलीस आणि आम्ही त्यावरून चपला घालून निघून गेलो. त्याचं फार वाईट वाटतं, आई.

बाबा, आता तुमचं. डबा शोधताना माळ्यावर तुमचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा सापडला. आत पेन्सिली, खोडरबर आणि गुंडाळलेले ग्राफ. जोत्याच्या कडेला बसून ते उलगडले. मोराची चादर आहे, ती आपल्या घरात होती तीच! एकेक चौकोन म्हणजे ताणा-बाणा एकमेकांवरून जातात ती एकेक जागा, त्यावरून जॅकार्ड मागाच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पडणार, भोक असेल तिथला दोरा उचलणार. मोराच्या एका पिसाऱ्यात किती चौकोन तुम्ही हाताने भरले असतील! लहानपणी मी विचारायचो, "बाबा, कंटाळा येत नाही?" तुम्ही म्हणायचात, "यातच तर बरं वाटतं रे." तेव्हा कळलं नव्हतं. आई ठिपके द्यायची, तुम्ही चौकोन भरायचात, एकाच घरात. हे इतक्या वर्षांत मला दिसलं नाही.

कॉम्प्युटरवर डिझाईन व्हायला लागली आणि तुम्ही पेन्सिली डब्यात घातल्या त्या घातल्याच. मला वाटतं तेव्हापासूनच तुम्ही कमी बोलायला लागलात.

हल्ली रविवारी सिद्धेश्वर तलावावर जातो, तुमच्या नेहमीच्या पायरीवर बसतो. पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले असतात. मोबाईल घरी ठेवतो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या हातांनी हे तळं उभं केलं, कष्टालाच पूजा मानणारे ते शरण संत. तिथं बसलं की तुमचा नान्नजचा दिवस आठवतो. लूनावर पुढे मी, मागे चटणी-भाकरी. वीसेक किलोमीटर गेलो माळढोक बघायला, १९७९ साली जाहीर झालेलं अभयारण्य म्हणून तुम्ही किती कौतुकाने सांगितलं होतं. बाभळीखाली तीन तास बसलो, माळढोक काही दिसला नाही. काळवीटं मात्र दिसली, एक चंडोल गात वर वर गेला तो दिसेनासा होईपर्यंत आपण माना वर करून बघत राहिलो. मी रडवेला झालो होतो. तुम्ही म्हणालात, "बसलो ना तीन तास? मग झालं की." आता माळढोक जवळपास संपलाच म्हणतात. ते तीन तास तेवढे माझ्याजवळ राहिलेत.

दारातल्या कडुलिंबाची पानगळ झाली. नवी पालवी फुटलीय, तांबूस, ओली असल्यासारखी चमकते. ऊन आताच भाजायला लागलंय, पण सकाळी सातपर्यंत त्या झाडाखाली बसवतं.

बाबा, पुण्यात तुम्ही दिवसभर टीव्हीपुढे बसता असं दादा म्हणाला. म्हणून या पत्राबरोबर तुमचा डबा पाठवतोय. पेन्सिली टोकदार करून ठेवल्यात, कोरे ग्राफही घातलेत. चादर नका करू, बाल्कनीतून समोर जे झाड दिसतं तेवढं काढा. आई, तुला खाली बसायला दोन-तीन महिने तरी जमणार नाही. एक पाट टेबलावर ठेवून त्यावर घाल, मी दादाला सांगितलंय. रांगोळीची पुडी आणि शेंगाचटणीची बरणी डब्यातच आहे, बरणी उलटी पडू देऊ नका.

आणि आई, एक अडलंय. कोपऱ्यातल्या आठाच्या ओळीपाशी वळण घेताना माझी वेल रोज तुटते. तिथं हात आधी आतून वळवायचा की बाहेरून? फोनवर सांग.

तुमचा,
बाळू