सुट्टी म्हणजे फक्त गोवाच का?

मा. संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या पर्यटनाच्या पानावर सारखं गोवाच असतंय आणि आमची बेळगावची माणसं पण सुट्टी लागली की चोर्ला घाट उतरून तिकडंच पळतात. मंगळूरबद्दल पण लिहा की कधीतरी. आपल्याकडच्या जुन्या घरांवरची मंगळुरी कौलं आठवा, त्याचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं तिथंच काढला, 1865 साली. कन्नडमधलं पहिलं वर्तमानपत्र पण तिथलंच, 1843 चं 'मंगळूर समाचार'.

भाषेचं तर विचारूच नका. बाजारात एकच माणूस गिऱ्हाइकाशी तुळू, शेजाऱ्याशी कोंकणी आणि फोनवर कन्नड बोलतोय, वर मुसलमान व्यापाऱ्यांची ब्यारी वेगळीच. कोंकणी आपल्याला निम्मी तरी कळतीच. भाषेवरनं भांडायची सवय असलेल्या आम्हाला जरा नवलच वाटतं!

सेंट अलोशियस चॅपलच्या भिंती आणि छत इटलीच्या मोशेनीनं रंगवलंय, मान दुखेपर्यंत वर बघत बसावं. कद्रीच्या देवळात लोकेश्वराची ब्राँझची मूर्ती आहे, दहाव्या शतकातली. आणि कोरी रोट्टी खाल्ल्याशिवाय परतू नका, कुरकुरीत तांदळाच्या रोटीवर कोंबडीचा नारळ घातलेला रस्सा ओततात, गप्पा मारत बसलात तर लगदा होतोय. शाकाहारी लोकांना नीर डोसा आहेच.

पावसाळ्यात मात्र समुद्रात उतरू नका, मे महिन्यात घामानं जीव जातोय, डिसेंबर-जानेवारी बरं. गाडी नसलेल्यांसाठी बस-रेल्वेची माहिती पण छापा म्हणजे झालं.

आपला एक वाचक,
शहापूर, बेळगाव