सूचना: पात्रता अर्जावरील खाडाखोडीबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, गेल्या महिन्यातील आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामन्यासाठी दिलेल्या एका पात्रता अर्जावर जन्मतारखेवर व्हाइटनर फासून नवी तारीख लिहिलेली आढळली. खाली शारीरिक शिक्षण संचालकांची सही मात्र ठसठशीत होती. नेहमीप्रमाणे बंदी आली ती खेळाडूवर, सही करणारे मोकळेच राहिले, हे आम्हांस मान्य नाही. याविषयी माहिती अधिकार कायदा, २००५ अन्वये अर्ज करावयाचा असून, ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास पुढील ३० दिवसांतच प्रथम अपील करावे लागत असल्यामुळे, ज्यांच्याजवळ त्या पात्रता अर्जाची छायाप्रत असेल त्यांनी ती रविवारी पणजीच्या बैठकीत आणावी. ऐकीव गोष्टी नकोत. खेळाडूचे नाव कोणीही बाहेर सांगू नये.

— चिटणीस