स्टिअरिंगचे युनिट बदलण्याआधी तारा मोजा

महोदय,

डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागतो, स्टिअरिंग एकाएकी जड होते आणि गॅरेजमधला स्कॅनर ‘यू ०१३१’ हा कोड दाखवतो. तेवढ्या आधारावर पॉवर स्टिअरिंगचे अख्खे युनिट बदलण्याचा सल्ला ग्राहकाला अनेकदा दिला जातो. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांना शिकवलेला माणूस म्हणून या पद्धतीवर मला आक्षेप नोंदवावासा वाटतो.

हा कोड इतकेच सांगतो, की स्टिअरिंगच्या नियंत्रकाकडून, म्हणजे ते चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटकडून, येणारा संदेश गाडीतील दुसऱ्या एखाद्या नियंत्रकाला, उदाहरणार्थ इंजिनाच्या किंवा एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या), मिळालेला नाही. तक्रार करणारा वेगळा आहे आणि ज्याच्याविषयी तक्रार आहे तो धडधाकटही असू शकतो. गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग वळवले, की त्याची मोटर मोठा विद्युतप्रवाह ओढते. अशा वेळी बॅटरी थकलेली असेल किंवा अर्थच्या (गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या तारेच्या) जोडावर गंज चढला असेल, तर व्होल्टेज घसरून नियंत्रक क्षणभर गप्प होतो. म्हणून पहिली तपासणी बॅटरी, फ्यूज आणि अर्थ यांची व्हायला हवी.

त्यानंतर तारांची पाळी. गाडीतील नियंत्रक एकमेकांशी ज्या पद्धतीने बोलतात, त्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेल्या कॅन पद्धतीत एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांवरून संदेश जातात आणि मुख्य लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध (रेझिस्टर) असतो. सॉकेट आणि मुख्य लाइन यांच्यामध्ये गेटवे (संदेश पुढे पाठवणारा मध्यस्थ नियंत्रक) नसलेल्या गाडीत बॅटरी सोडवून स्कॅनरच्या सॉकेटमधील ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये मोजले, तर सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रोध लाइनपासून तुटला आहे, शून्याच्या जवळ आले तर दोन्ही तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. मात्र ६० आले म्हणून निश्चिंत होणेही चूक ठरते, कारण स्टिअरिंगचा नियंत्रक मुख्य लाइनच्या फाट्यावर असेल आणि तार त्या फाट्यातच तुटली असेल, तर सॉकेटवरचा आकडा बदलत नाही. अशा वेळी खुद्द स्टिअरिंगच्या कनेक्टरपाशी मोजावे लागते, आणि कंटाळा नेमका इथेच केला जातो. आपल्याकडे पावसाळ्यात कनेक्टरमध्ये शिरणारे पाणी आणि उभ्या गाडीची वायरिंग कुरतडणारे उंदीर पाहता हा कंटाळा ग्राहकाला महागात पडतो. शिवाय नव्या युनिटला कोडिंग आणि कॅलिब्रेशन लागू शकते, त्याचा खर्च निराळाच.

स्टिअरिंगसारख्या भागाच्या बाबतीत मोजलेले व्होल्ट आणि ओहम जॉब कार्डवर लिहून देणे सक्तीचे व्हावे आणि वाहन कंपन्यांनी वायरिंगचे नकाशे स्वतंत्र गॅरेजांनाही माफक दरात उपलब्ध करून द्यावेत, ही विनंती.

– एक निवृत्त शिल्पनिदेशक, सांगली