बंटूला एकदा हो म्हणा

आई-बाबा,

फोनवर बाबा लगेच चिडतात म्हणून लिहूनच पाठवतेय, आई तू वाचून दाखव त्यांना. बंटू कॅम्पस इंटरव्ह्यूला बसणार नाही म्हणाला तेव्हापासून घरात कोणी धड बोलत नाहीये, पण तो नोकरी मिळत नाही म्हणून संत्र्याच्या रसाच्या धंद्याचं म्हणतोय असं नाहीये ना.

मी इथे हिंगणा रोडच्या कॉलेजात रोज अशी पोरं बघते. नुसत्या पैशाच्या मागे निघालेले लवकर गार पडतात. टिकतात ते, ज्यांना आपलं काम आपल्या हिशोबाने करायचंय आणि ज्यांनी घरातलं कोणीतरी तसं जगताना पाहिलंय. बाबा, तुम्ही आयुष्यभर कोणाची हाजीहाजी केली नाही, काटोलची बाग स्वतःच्या जिवावर उभी केली, तेच बघून तो मोठा झालाय. आझेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1991 ला मांडलंय, आम्ही ते शिकवतो पण, की माणूस काही करायचं ठरवतो तेव्हा तीन गोष्टी बघतो, ते त्याला स्वतःला पटतं का, जवळच्यांना काय वाटतं, आणि आपल्याला जमेल का. पहिली बंटूकडे आहे, तिसरी हळूहळू येतेय. मधली तुमच्या हातात आहे.

व्यापारी बारकी संत्री सोडून जातो अन् ती बांधावर सडतात, हे त्याच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. पण रस काढून ठेवला की काही तासांत कडू होतो, त्यात तयार होणाऱ्या लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यामुळे, बिया-शिरा चेपल्या गेल्या तर जास्तच. म्हणून तो रात्री माझ्या किचनमध्ये एकेक फोड सोलतो, बिया काढतो, पांढऱ्या शिरा काढतो, हलक्या हाताने पिळतो, बाटलीवर वेळ लिहितो आणि सकाळी मला उठल्या उठल्या चाखायला लावतो. परवाचा सकाळीही गोड होता, खरंच.

बाबा तुमची भीती खोटी नाही, गारपीट अन् कर्ज तुम्ही सोसलंय. पण सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत शिशु गटात 50 हजारांपर्यंत कर्ज मिळतं, तारण लागत नाही, म्हणजे सातबाऱ्याला हात लागणार नाही. खाण्यापिण्याचं विकायला लागतं ते एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन मी करून देते.

रविवारी तो बाटल्या घेऊन येतोय. चाखा, कडू लागला तर तोंडावर सांगा, पण नोकरीचा विषय त्या दिवशी काढू नका. आणि आई, बाबांची बीपीची गोळी संपत आली असेल तर त्याच्याजवळच पाठवते, कळव.

तुमची,
ताई