त्याला चुचकारू नका, तो कामावर आहे

संपादक महोदय,

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलासोबत कुत्रा दिसला की लोकांना ती हौस वाटते. माझ्या भाच्याकडे असा प्रशिक्षित लॅब्रेडॉर आहे, म्हणून हे पत्र.

गोंगाट असह्य झाला की भाचा कान दाबून जमिनीवर बसतो. ताई हळूच खूण करते आणि कुत्रा डोकं आणि छाती त्याच्या मांडीवर टाकून पडून राहतो. त्या वजनाने पोराचे आवळलेले खांदे सैलावतात, बोटं कुत्र्याच्या कानाशी चाळा करू लागतात. आम्ही समजावायला गेलो की उलट भडका उडतो!

अशी काही मुलं अचानक पळत सुटतात. त्यासाठी मुलाच्या कमरेचा पट्टा कुत्र्याच्या जाकिटाला जोडण्याची पद्धत आहे. मूल धावलं की कुत्रा पाय रोवून उभा राहतो. दोरी आणि हुकूम मात्र मोठ्या माणसाच्याच हाती. कॅनडात १९९० च्या दशकात अशा मुलांसाठी कुत्री तयार होऊ लागली. शिकवायला दीड-दोन वर्षं सहज जातात. सगळ्याच मुलांना हे मानवतं असं नाही. कुणाला वास सोसत नाही, कुणाला भुंकणं.

परवा बसमध्ये एका गृहस्थांनी बिस्किट दाखवून शीळ घातली. कुत्र्याची मान वळली आणि तेवढ्यात भाचा दाराकडे निघाला. ताईने दंड धरला म्हणून बरं. कुत्र्याबद्दल कुतूहल असेल तर ताईला विचारा, ती आनंदाने सांगते.

– एक मावशी