भागाकाराच्या आधी वजाबाकी: एक आभारपत्र

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले तेव्हा तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणालात आणि लगेच पुढच्या अमावास्येला दुर्बिणीतून आकाशातलं काय टिपायचं यावर बोलू लागलात. म्हणून आता सविस्तर लिहितेय. आणि सर्वांना वाचता येईल असं लिहितेय, कारण नॅरोबँडचे (प्रकाशाची अगदी अरुंद पट्टी आत सोडणाऱ्या फिल्टरचे) फ्लॅट (एकसारख्या उजेडात घेतलेल्या फ्रेम, ज्यांनी भागून कोपऱ्यांचा अंधार आणि धुळीचे डाग काढतात) जुळत नाहीत म्हणून हैराण झालेले पुष्कळ जण आहेत. तुम्ही मला शिकवलेली तपासणीची रीत त्यांच्यापर्यंतही पोहोचायला हवी.

शृंगाश्वातल्या रोझेट तेजोमेघाचं काम चालू होतं. ल्युमिनन्स आणि आरजीबीच्या, म्हणजे रुंद पट्टीच्या (ब्रॉडबँड) फिल्टरच्या, फ्रेम कॅलिब्रेट केल्यावर (डार्क, म्हणजे झाकण लावून घेतलेली फ्रेम, वजा करून फ्लॅटनं भागल्यावर) अगदी सपाट यायच्या. हायड्रोजन-अल्फा या नॅरोबँड फिल्टरमध्ये मात्र चारही कोपरे मध्यापेक्षा उजळ व्हायचे आणि जिथे धुळीचे काळे डाग जायला हवेत तिथे उजळ वर्तुळं उमटायची. ऑक्सिजन-३ मध्ये तर त्याहून जास्त. दुर्बीण तीच, कॅमेरा तोच, रात्रही तीच. फ्लॅटसाठीचं उजेडाचं पॅनेल बदला, फ्लॅट जास्त उजेडात घ्या, कमी उजेडात घ्या, असे सल्ले बरेच मिळाले. प्रत्येकाचा संशय फ्लॅटवर.

तुम्ही पहिलंच वाक्य वेगळं बोललात: "स्टॅक केलेलं चित्र नको. एक कच्ची लाइट फ्रेम, एक फ्लॅट आणि एक डार्क पाठवा." (स्टॅक म्हणजे अनेक फ्रेम एकत्र करून केलेलं चित्र, लाइट म्हणजे आकाशाची फ्रेम.) आणि ती बघून सगळ्यात आधी वर्तुळांबद्दल विचारलंत. वर्तुळाची एक कड उजळ आणि समोरची काळी दिसते का? तसं असतं तर फ्लॅट आणि लाइटच्या मध्ये काहीतरी सरकलं असतं: फिल्टर व्हील (फिल्टर बदलणारं चाक) त्याच जागी परत थांबलं नसेल, किंवा कॅमेरा किंचित फिरला असेल. इथे अख्खं वर्तुळ उजळ होतं. म्हणजे जागा बरोबर होती, दुरुस्ती प्रमाणाबाहेर होत होती.

त्याच बोलण्यात धूळ कुठे बसलीय ते ओळखायची युक्तीही सांगितलीत. वर्तुळाचा व्यास पिक्सेलमध्ये मोजायचा, त्याला पिक्सेलच्या आकारानं गुणायचं, मग दुर्बिणीच्या एफ-रेशोनं (नाभीय अंतर भागिले व्यास) गुणायचं. माझ्याकडे एफ/५.५ आणि ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल. नव्वद पिक्सेलचं वर्तुळ म्हणजे सेन्सरपासून साधारण १.९ मिलिमीटरवर, म्हणजे सेन्सरच्याच काचेवर. साडेनऊशे पिक्सेलचं मोठं वर्तुळ जवळपास २० मिलिमीटरवर, म्हणजे फिल्टरवर. ते मोठं वर्तुळ एकाच फिल्टरमध्ये दिसायचं आणि छोटी सगळ्यांत, हेही लगेच पटलं. आता काहीही पुसायला घेण्याआधी मी हा हिशोब करते.

मग तुम्ही कागद-पेन्सिल घ्यायला लावलंत. त्या आकडेमोडीबद्दल मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे.

समजा कॅमेऱ्याचा ऑफसेट, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमध्ये आधीच मिळवलेला आकडा, ५०० आहे. नॅरोबँडमध्ये आकाश इतकं काळं की मध्यभागी खरा प्रकाश फक्त १०० एडीयू (कॅमेरा पिक्सेलचा उजेड ज्या एककात देतो ते). व्हिग्नेटिंगमुळे (कडांकडे उजेड कमी होण्यामुळे) कोपऱ्यात तो ८०. फ्लॅटचं कोपऱ्यातलं प्रमाण ०.८. डार्क वजा केला (ऑफसेट त्यातच जातो), फ्लॅटनं भागलं, की दोन्हीकडे १००. सपाट. आता समजा लाइट फ्रेममध्ये सगळीकडे २० एडीयू असे आले जे आकाशातून आलेच नाहीत आणि डार्कमध्येही नाहीत. मध्यभागी उरतात १२०. कोपऱ्यात १००, आणि ०.८ नं भागल्यावर १२५. कोपरा चार टक्क्यांनी उजळ! स्ट्रेच केल्यावर (फिकट भाग उजळवल्यावर) चार टक्के म्हणजे डोळ्यांत खुपणारा फरक. हेच २० एडीयू ब्रॉडबँडमध्ये घाला. तिथे आकाशाचेच ३००० आणि कोपऱ्यात २४००. उत्तर येतं ३०२० आणि ३०२५, दोन दशांश टक्क्यांहूनही कमी फरक. दोष दोन्हीकडे तोच, पण नॅरोबँड तो लपवू देत नाही.

आणि त्यापुढे तुम्ही म्हणालात, "आता तेच २० फ्लॅटमध्ये घालून बघा." ३०,००० आणि २४,००० मध्ये २० मिळवले तर प्रमाण ०.८ वरून जेमतेम ०.८००१ होतं. फ्लॅटमधली वीसची चूक काहीच बिघडवत नाही, लाइटमधली वीसची चूक चित्र नासवते. फ्लॅट भागतो, आणि जे वजा व्हायचं राहून गेलं त्यालाही तो तितक्याच इमानानं भागतो. सगळे फ्लॅटकडे बोट दाखवत असताना तुम्ही मला लाइटकडे आणि डार्ककडे बघायला लावलंत.

तरी फ्लॅटला तुम्ही फुकट निर्दोष सोडलं नाहीत. १०,००० आणि ३०,००० एडीयूचे दोन वेगळे फ्लॅट घ्यायला सांगितलेत, प्रत्येकाला त्याच्याच एक्स्पोजरचा डार्क-फ्लॅट (तेवढाच वेळ अंधारात घेतलेली फ्रेम), आणि मग एकाला दुसऱ्यानं भागायचं. उत्तर सपाट आलं. सेन्सरही सरळ, फ्लॅटही सरळ. बायसऐवजी (जवळजवळ शून्य एक्स्पोजरच्या फ्रेमऐवजी) डार्क-फ्लॅटचा आग्रह का, तेही तेव्हा कळलं. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात गडद लाल कमी असतो, त्यामुळे ६५६ नॅनोमीटरच्या हायड्रोजन-अल्फाला आणि ६७२ च्या सल्फर-२ ला फ्लॅटचं एक्स्पोजर बरंच लांबतं, आणि काही सीमॉस सेन्सर अगदी छोट्या एक्स्पोजरला वेगळंच वागतात.

राहिला प्रश्न त्या वीस एडीयूंचा. तुम्ही सुचवलेली चाचणी इतकी साधी होती: रात्री, सगळी मांडणी जशी असते तशीच ठेवून, दुर्बिणीच्या तोंडावर झाकण लावून ३०० सेकंदांची फ्रेम घ्यायची आणि तिचा मध्यक घरात घेतलेल्या डार्कशी ताडायचा. दोन्ही सारखेच यायला हवेत. आले नाहीत. फिल्टर व्हीलवर जाड काळं कापड गुंडाळलं, फरक गेला. व्हीलच्या झाकणाच्या सांध्यातून शेजारच्या उपकरणाच्या छोट्या दिव्याचा उजेड आत शिरत होता, तोही फिल्टरच्या मागे, सेन्सरच्या बाजूला. म्हणून फिल्टर कोणताही लावा, तो तेवढाच यायचा. सांध्यावर काळी टेप आणि दिव्यावरही टेप, एवढाच उपाय.

ग्रेडियंट (पार्श्वभूमीतला उजेडाचा चढउतार) काढणारं टूल वापरून मी हे झाकू शकले असते, आणि तुम्ही ते मला करू दिलं नाहीत याबद्दल वेगळे आभार. त्या टूलनं कोपरे सपाट झाले असते, वर्तुळं तशीच राहिली असती. शिवाय रोझेटच्या बाहेर हायड्रोजनचे जे फिकट पदर पसरलेत, त्यांतले खरे कुठले आणि दुरुस्तीनं उमटलेले कुठले, हे मला कधीच सांगता आलं नसतं. तुम्ही तेव्हा म्हणालात की फिकट गोष्टीवर विश्वास ठेवायचा असेल तर तिच्याखालची जमीन आधी मोजावी लागते. मला ते पटलं, आणि मी आता जुना सगळा नॅरोबँड डेटा त्याच नजरेनं पुन्हा काढून बघतेय.

तुमच्या एका सूचनेवर अजून विचार चालू आहे. एफ/२ च्या दुर्बिणीवर ३ नॅनोमीटरचा फिल्टर लावला तर तिरप्या किरणांसाठी फिल्टरची पट्टी निळ्याकडे सरकते. पॅनेलचा उजेड सलग असल्यानं तो सरकलेल्या पट्टीतूनही जातो, तेजोमेघाची एकच रेषा मात्र कापली जाऊ शकते. म्हणजे तिथे फ्लॅट बिनचूक असूनही कोपऱ्यातला तेजोमेघ फिका राहील. माझ्या एफ/५.५ ला याचा त्रास नाही. पण माझी एक मैत्रीण तशी दुर्बीण घेतेय, आणि तिच्यासाठी तुमचा थोडा वेळ मी आत्ताच मागून ठेवतेय.

सोबत ऑक्सिजन-३ ची नवी कॅलिब्रेट केलेली एक फ्रेम पाठवतेय, स्टॅक न केलेली. खालचा डावा कोपरा जरा बघाल का? मला तो सपाट वाटतोय, पण तुमच्या नजरेखालून गेला की मगच पुढचं काम सुरू करेन.

मनापासून आभार.

तुमची,
रोझेटवाली