नियम लिहिणारी माणसे विसरू नयेत

आपल्या रविवार पुरवणीतील सर्न या युरोपातील कणभौतिकी प्रयोगशाळेविषयीच्या लेखात, बिघाड शोधण्याचे काम संगणकाकडे गेल्याने प्रयोगशाळेतील जाणत्या माणसांची गरज संपत आली, असे म्हटले आहे. ते पटले नाही.

तिथल्या, जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रामध्ये प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा समोरासमोर येतात. या टकरी टिपणाऱ्या सीएमएस प्रयोगाची पहिली चाळणी त्यांतून सेकंदाला सुमारे १ लाख घटना निवडते. त्यांची माहिती गोळा करणाऱ्या पुढच्या साखळीत एक दुवा जरी अडकला, तरी त्याआधीच्या साठवणी तुंबतात आणि निवड थांबवावी लागते. टकरी मात्र चालूच असतात. रात्रपाळीचा माणूस पडद्यांवरचे आकडे ताडून दोषी दुवा शोधेपर्यंत जे निसटले, ते कायमचे गेले. म्हणूनच तिथे ‘डीएक्यू एक्स्पर्ट’ (डीएक्यू म्हणजे माहिती-संकलन) ही संगणक प्रणाली आली. ती लक्षणांवरून कारण ओळखते, उपाय सुचवते. पुढे काही बिघाडांत तिच्याकडे दुरुस्तीही सोपवण्यात आली. पण तिच्यातले नियम आले कुठून? असे बिघाड स्वतः निस्तरलेल्या तज्ज्ञांच्या अनुभवातूनच. कधी न दिसलेला दोष उपटला, की आजही फोन त्यांनाच जातो.

भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. सांगली-साताऱ्यातली अभियांत्रिकीची हुशार मुले असल्या विधानांमुळे उपकरणांच्या कामाकडे पाठ फिरवतील, ही खरी काळजी आहे. लेखाच्या पुढील भागात ही बाजूही यावी, ही विनंती.

– एक निवृत्त तंत्रशिक्षक, विश्रामबाग, सांगली